गळ टाकण्याआधी पाणी ओळखा

विक्रोळी हे दोन पाण्यांच्या मधले उपनगर आहे. पश्चिमेला टेकडी ओलांडली की पवईचा तलाव लागतो आणि पूर्वेला द्रुतगती महामार्गापलीकडे ठाणे खाडीच्या कडेने खारफुटी पसरलेली दिसते. पवईचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९१ च्या सुमारास, मुंबईची तहान भागवण्यासाठी बांधण्यात आला. पण त्याचे पाणी पिण्यायोग्य नसल्याचे लवकरच लक्षात आले आणि तलाव नळांऐवजी गळांच्या उपयोगी पडला. १९३० च्या दशकात मुंबई इलाख्यातील हौशी मासेमारांच्या संस्थेने येथे बस्तान बसवले. पुढे हीच संस्था 'महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन' या नावाने ओळखली जाऊ लागली. गळ टाकून तासन् तास पाण्याकडे पाहत बसण्याची हौस मुंबईच्या या भागाला तेव्हापासून आहे.

या तलावाची पुढची कथा सर्वपरिचित आहे. सांडपाणी, जलपर्णी, गाळ आणि काठावर चढत गेलेल्या इमारती यांनी त्याला घेरले. २०२२ च्या मे महिन्यात काठावरचा सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, तेव्हा तलाव पुन्हा चर्चेत आला. साहजिकच इथल्या हौशी मंडळींना आता दूरच्या, निर्मळ, वाहत्या पाण्याची ओढ लागते. हिमालयातील नद्या, तेथील ट्राउट आणि महाशीर मासे, आणि 'फ्लाय फिशिंग' हा गळाच्या मासेमारीचा नाजूक प्रकार यांविषयीचे कुतूहल त्यातूनच वाढते.

मात्र अशा सहलीची आखणी करताना सुरुवातच बहुधा उलट्या टोकाने होते. मासा कुठे मिळेल, काठी कोणती घ्यावी, खर्च किती येईल, या प्रश्नांत महिना निघून जातो. ज्या पाण्यावर जायचे ते आजवर कोणी राखले, कशासाठी राखले आणि ते राखणे अजून चालू आहे का, याची चौकशी शेवटी होते किंवा होतच नाही. वस्तुतः सहलीचे ठिकाण, महिना, परवाना, साहित्य, एवढेच काय, गळ टाकावा की टाकू नये हेसुद्धा याच चौकशीवर ठरते. विक्रोळीकरांना हा मुद्दा समजण्यास अवघड जाऊ नये. पूर्वेकडची खारफुटी टिकली ती जमिनीचा मालक असलेल्या गोदरेज उद्योगसमूहाने ती राखली म्हणून. १९८५ पासून तेथे सागरी परिसंस्थेच्या अभ्यासाचे केंद्रही आहे. पाणी असो वा पाणथळ, राखणदाराशिवाय ते शाबूत राहिल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

माशीने मासा धरण्याची विद्या

'फ्लाय' म्हणजे माशी. या प्रकारात गांडूळ, कणकेचा गोळा किंवा जिवंत आमिष वापरत नाहीत. पिसे, केस, रंगीत दोरा यांची गळावर बांधणी करून किड्यासारखी दिसणारी कृत्रिम माशी तयार करतात. नेहमीच्या गळात आमिषाचे किंवा शिशाच्या गोळीचे वजन दोरीला ओढून नेते. इथे माशीला वजनच नसते, म्हणून दोरीच जाड आणि वजनदार असते. काठी मागे-पुढे डोलवून त्या दोरीचा वळसा हवेत उलगडत नेला की टोकाची बारीक, पारदर्शक तार आणि तिच्या अग्रावरची माशी अलगद पाण्यावर उतरते. काठी आणि दोरी यांना वजनाप्रमाणे क्रमांक दिलेले असतात. पहाडी ओढ्यातील ट्राउटसाठी साधारणतः ४ किंवा ५ क्रमांकाची, तर महाशीरसाठी ८ किंवा ९ क्रमांकाची जोडी लागते.

या पद्धतीचा आणि स्वच्छ पाण्याचा संबंध केवळ सौंदर्याचा नाही. ट्राउटचे मुख्य खाद्य म्हणजे नदीतील दगडांखाली वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या. त्या अळ्यांना थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. रस्त्याच्या कामाचा राडारोडा नदीत पडला, दगडांच्या फटी गाळाने बुजल्या किंवा सांडपाणी मिसळले की नदीतील जीवांपैकी आधी या अळ्या नाहीशा होतात. पाणी वरवर स्वच्छ दिसत असतानाही नदी आतून रिकामी होऊ शकते. म्हणूनच अनुभवी मंडळी नव्या नदीवर पोहोचल्यावर काठी जोडण्याआधी दोन-चार दगड उलटून पाहतात. दगडाखाली अळ्या वळवळताना दिसल्या तर नदीची प्रकृती बरी आहे, असे समजावे आणि दगड होता तसा ठेवून द्यावा.

महाशीर हा याहून वेगळ्या सवयीचा मासा. तो काठावरच्या झाडांची पडलेली फळे, खेकडे, शिंपले, कीटक आणि लहान मासे असे सारे काही खातो. त्याच्यासाठी लहान माशाचा आभास निर्माण करणारी लांबट माशी वापरतात. जोरदार प्रवाहात त्याची पहिली धाव इतकी वेगवान असते की दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज शिकाऱ्यांनी त्याची तुलना स्कॉटलंडच्या सॅमन माशाशी केली होती.

महाराष्ट्रातील राखलेले डोह

महाशीर पाहण्यासाठी हिमालयात जाण्याची गरज नाही. दख्खनी महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ साली केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. 'टॉर खुद्री' या त्याच्या शास्त्रीय नावातील 'खुद्री' हा शब्दही इथल्याच बोलीतून गेलेला आहे. आज पुण्याच्या पाण्यात हा मासा शोधणे व्यर्थ आहे. मात्र राज्यातील काही डोहांत महाशीर अजून झुंडीने दिसतात, आणि ते राखले आहेत देवाच्या नावाने.

पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणा नदीकाठी तिळसेश्वराचे मंदिर आहे. मंदिरापाशी असलेल्या डोहातील मासे देवाचे मानले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात, धरत कोणीच नाही. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळणकोंड हे असेच दुसरे ठिकाण. काळ नदीच्या कातळात कोरलेल्या त्या कोंडातील महाशीर देवीचे समजले जातात. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर आणि हिमाचल प्रदेशात जोगिंदरनगरजवळ मच्छियाल येथेही हीच प्रथा आढळते.

एका डोहाचे रक्षण पुरेसे कसे ठरते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सह्याद्रीतील नद्या मार्चनंतर आटत जातात आणि शेवटी जागोजागी फक्त कोंड उरतात. पावसाळ्यात दूरवर पांगलेले मासे उन्हाळ्यात या थोड्या खोल जागी गोळा होतात. त्यामुळे एका सुरुंगाच्या कांडीने किंवा विषारी पावडरीने संपूर्ण पट्ट्यातील मासा एका दिवसात संपू शकतो. याच्या उलट, एकच कोंड वर्षानुवर्षे अभय देत राहिला तर अंडी घालणारे मोठे मासे त्यात तग धरतात आणि पहिल्या पुराबरोबर वरच्या ओहोळांकडे चढून गोट्यांच्या पात्रात वीण घालतात. ज्यांनी ही प्रथा घातली त्यांना मत्स्यशास्त्र ठाऊक नव्हते. पण नदीचा उन्हाळा मात्र नेमका ठाऊक होता. अर्थात, या संरक्षणाची हद्द डोहापुरतीच असते. वरच्या अंगाला वाळूउपसा झाला, खाली बंधारा आला किंवा कारखान्याचे पाणी मिसळले, तर देवाच्या माशालाही त्याची झळ लागते.

या डोहांवर गळ टाकण्याचा विचारही कोणी करू नये. तरीही फ्लाय फिशिंग शिकू इच्छिणाऱ्याने पहिली सहल इथेच, रिकाम्या हाताने करावी. विक्रोळीहून ठाणे-भिवंडीमार्गे वाडा एका दिवसात जाऊन-येऊन होते. महाशीर प्रवाहाकडे तोंड करून कसा स्थिर राहतो, सावली पडताच कसा दचकतो, वरून पडलेल्या वस्तूकडे किती वेगाने झेपावतो, हे काठावरून तासभर पाहिले तर पुस्तकातील अनेक पाने वाचल्याचे श्रेय मिळते. आणि न धरलेल्या माशानेही सहल सार्थकी लागते, ही सवय पुढे हिमालयात उपयोगी पडते.

लोणावळ्याचे बीज, कावेरीचा धडा

महाराष्ट्रातील तिसरा राखणदार म्हणजे एक वीज कंपनी. टाटा कंपनीच्या जलविद्युत तलावांपैकी लोणावळ्याच्या वळवण येथे १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून महाशीराची कृत्रिम पैदास करण्यात येते. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. चिं. वि. कुलकर्णी हे या प्रयत्नाचे अध्वर्यू. धरणांमुळे माशाचे विणीचे मार्ग बंद झाले, तेव्हा माणसानेच अंडी फलित करून बोटुकली वाढवावीत, हा विचार त्यामागे होता. या केंद्राने लक्षावधी बोटुकली तयार केली, ती देशातील अनेक राज्यांना दिली आणि नष्ट होऊ घातलेल्या माशाला जीवदान दिले. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत पूर्वी धोक्यात म्हणून नोंदलेला हा दख्खनी महाशीर २०१८ मध्ये कमी चिंतेच्या गटात आला.

परंतु या यशाला दुसरी बाजू आहे, आणि राखलेले पाणी म्हणजे काय हे समजण्यासाठी ती जाणून घेणे आवश्यक आहे. दक्षिणेत कावेरीमध्ये महाशीराची एक वेगळीच जात होती. पाठीवर उंचवटा असलेला हा मासा आकाराने प्रचंड वाढे. १९४६ साली कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी गळाने धरलेला मासा १२० पौंडांचा होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज हौशी मासेमारांचे एक पथक या माशाच्या शोधात भारतात आले आणि कावेरीचे नाव पुन्हा जगभर झाले. त्यानंतर भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी येथे नदीकाठी शिबिरे उभी राहिली. तेथे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा हे आमिष असे, मासा तोलून पुन्हा पाण्यात सोडण्याचा दंडक होता, आणि पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांपैकी काही जण वाटाडे व पहारेकरी म्हणून कामाला लागले होते.

याच काळात, मासे वाढावेत या सद्हेतूने, नदीत दख्खनी महाशीराची बोटुकली सोडण्यात आली. कावेरीच्या दृष्टीने तो परका मासा होता. शिबिरात प्रत्येक पाहुण्याने किती तास गळ टाकला आणि कोणता, केवढा मासा धरला, याची वही ठेवली जात असे. १९९८ ते २०१२ या काळातील सहा हजारांहून अधिक माशांच्या या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. एकूण मासे वाढत होते, पण ती वाढ परक्या माशाची होती. उंचवट्याचा मूळ मासा वर्षागणिक दुर्मीळ होत होता आणि जे थोडे मिळत ते मोठे, वयस्क असत; लहान मासे जवळजवळ दिसेनासे झाले होते. नवी पिढी तयारच होत नव्हती. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी या माशाची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी निश्चित केली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

दरम्यान, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात गळ टाकणे हीसुद्धा शिकार ठरते, असा अर्थ लावण्यात आला आणि २०१० नंतरच्या वर्षांत कावेरी अभयारण्यातील ही शिबिरे गळासाठी बंद झाली. गळ थांबला तसा नदीवरचा खासगी पहाराही उठला आणि सुरुंग, जाळी यांना मोकळे रान मिळाले, अशी खंत काही संशोधकांनी नोंदवली आहे. कायद्याची बाजू आणि पहाऱ्याची बाजू, दोन्हींत तथ्य आहे. सहल आखणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. भरपूर मासे असलेले पाणी हे सुस्थितीतील पाणी असेलच असे नाही. आणि जुन्या पुस्तकातील किंवा दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राची माहिती आज कायद्याने निरुपयोगी झालेली असू शकते.

तीर्थनची सहल कशी आखावी

मुंबईच्या नवशिक्या फ्लाय मासेमाराला कायदेशीर, मार्गदर्शन मिळणारे आणि खऱ्या अर्थाने राखलेले पाणी हवे असेल तर हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्याची तीर्थन नदी हा चांगला पर्याय आहे. ती ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावते. या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शेजारच्या सैंज आणि बियास नद्यांवर जलविद्युत प्रकल्प उभे राहिले. तीर्थन मात्र मोकळी राहिली. तिच्यावरचे नियोजित प्रकल्प रद्द झाले ते बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांच्या पुढाकाराने स्थानिकांनी दिलेल्या लढ्यामुळे. इथल्या पाण्याचे राखणदार म्हणजे ही माणसे.

इथला मासा मात्र इथला नव्हे. तपकिरी ट्राउट हा युरोपातील मासा. १९०० च्या सुमारास त्याची अंडी बर्फात राखून स्कॉटलंडहून काश्मीरला आणण्यात आली. त्याआधीची एक खेप वाटेतच नासली होती. काश्मीरमधून १९०९ मध्ये तो कुल्लू खोऱ्यात पोहोचला आणि थंड पाण्यात रुजला. मूळच्या हिमालयी माशांना त्याची स्पर्धा सोसावी लागते, हे कावेरीचा धडा ऐकल्यावर वेगळे सांगायला नको. म्हणून परवान्याच्या मर्यादेत एखादा ट्राउट जेवणासाठी ठेवला तर नदीचे फारसे बिघडत नाही. महाशीराच्या बाबतीत मात्र हा न्याय लावता येणार नाही. हिमालयातील सोनेरी महाशीर संकटग्रस्त आहे आणि तो परत सोडणेच योग्य.

महिना निवडताना मुंबईकरांची गफलत होण्याचा संभव असतो. शाळांच्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत. नदीचे वेळापत्रक वेगळे. विणीच्या हंगामामुळे हिमाचलच्या ट्राउट नद्यांवर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. दिवाळी नोव्हेंबरमध्ये आली तर ती सहल बादच समजावी. मेच्या मध्यापासून वितळलेल्या बर्फाने पाणी वाढते आणि गढूळ होते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने ते धोकादायक होते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, हे दोन काळ उत्तम. प्रवासाचे चार दिवस धरून किमान नऊ दिवस हाताशी ठेवावेत. चंदिगडपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने आणि पुढे मंडी-औटमार्गे बंजारपर्यंत रस्त्याने जाता येते. विमानप्रवासात गळ, चिमटा, कात्री हे मोठ्या सामानात टाकावे.

परवाना राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडून घ्यावा लागतो. त्यावर कोणता पट्टा, किती दिवस, किती मासे आणि किमान किती लांबीचे, हे नमूद असते. ते काळजीपूर्वक वाचावे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन्यजीव कायद्याचा अंमल असल्याने परवान्यावरील पट्ट्याच्या वर काठी घेऊन जाऊ नये. उतरायच्या घराचा मालक 'इथे कोणी विचारत नाही' असे म्हणाला, तरी तो परवान्याला पर्याय नव्हे. आरक्षण करण्यापूर्वी दूरध्वनीवर एक प्रश्न आवर्जून विचारावा: गेल्या पावसाळ्यात नदीची काय अवस्था झाली? २०२३ च्या जुलैमधील महापुराने कुल्लूतील नद्यांची पात्रे अनेक ठिकाणी बदलून टाकली. अशा पुरानंतर मासा आणि त्याचे खाद्य सावरण्यास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या पट्ट्याला विश्रांती देणे हेही नियोजनच आहे.

स्थानिक वाटाड्या घेणे हा अनावश्यक खर्च समजू नये. कोणत्या वळणावर पाय ठरतो, कोणता दगड निसरडा आहे, दुपारी पाणी किती चढते, हे त्यालाच ठाऊक असते. नदी राखण्यात गावाला उत्पन्न मिळाले तरच पुढच्या लढ्यात गाव नदीच्या बाजूने उभे राहील, हाही हिशेब त्यात आहे.

सुरक्षिततेबाबत एक घटना विसरता कामा नये. तीर्थन ज्या लारजीपाशी बियासला मिळते तेथे धरण आहे. ८ जून २०१४ रोजी या धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. काही क्षणांपूर्वी ते खडकांवर उभे राहून छायाचित्रे काढत होते. कोणत्याही धरणाच्या खाली, पाणी कितीही शांत दिसले तरी, पात्राच्या मध्यावर जाऊ नये. धरण नसलेल्या नदीतही वर पाऊस झाल्यास पाणी एकाएकी चढते. प्रवाहाचा रंग बदलला, काड्या-पाने वाहत येऊ लागली की लगेच काठ गाठावा. पाण्यात उतरताना हातात काठी असावी आणि मांडीच्या वर पाणी जाऊ देऊ नये.

सोडलेला मासा जगला पाहिजे

मासा धरून सोडला की पाप लागत नाही, असा एक सोयीस्कर समज आहे. निष्काळजीपणे हाताळलेला मासा पोहत निघून जातो आणि तासाभरात डोहाच्या तळाशी मरतो. सोडणाऱ्याला ते कळतही नाही. गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा, म्हणजे गळ चटकन निघतो. मासा लवकर आत आणावा. दमवून दमवून आणलेला मासा वाचण्याची शक्यता कमी. हात ओले करूनच त्याला धरावे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि बुरशीला वाट मिळते. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. छायाचित्र काढायचेच असेल तर कॅमेरा आधी सज्ज करावा आणि मासा काही सेकंदांपुरताच पाण्याबाहेर उचलावा. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः शेपटी हलवून निघेपर्यंत आधार द्यावा. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसकडे गेले असेल तर ट्राउटसाठी गळ टाकूच नये. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि तेथे झुंजलेला मासा सहसा सावरत नाही.

एका नदीतून दुसऱ्या नदीवर जाताना बूट, जाळे आणि दोरी धुऊन पूर्ण वाळवावी. ओल्या बुटाच्या तळव्याला चिकटून शेवाळ, रोगजंतू आणि परक्या जीवांची अंडी प्रवास करतात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली 'डिडिमो' हे शेवाळ नद्यांत आढळले, त्यानंतर तेथे चिखल झाडा, धुवा आणि वाळवा हा नियमच झाला. दुर्गम पाण्यापर्यंत फार थोडी माणसे पोहोचतात. म्हणूनच तेथे पोहोचणाऱ्या प्रत्येकाच्या पायांवर जबाबदारी जास्त येते.

तयारी घराजवळ

या सगळ्यासाठी सरावाची जागा दूर शोधावी लागत नाही. दोरी उलगडण्याचे तंत्र पाण्यावरच शिकले पाहिजे असे नाही. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून कन्नमवार नगर किंवा टागोर नगरच्या मैदानावर सकाळच्या वेळी, क्रिकेटची मुले येण्याआधी, रोज अर्धा तास सराव केला तर दोन महिन्यांत हात बसतो. सहलीचे पाच दिवस दोरीचा गुंता सोडवण्यात घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

सामानात आणखी एक वस्तू असावी, ती म्हणजे साधी वही. तारीख, पट्टा, पाण्याचा रंग आणि तापमान, किती तास गळ टाकला, कोणत्या जातीचा आणि किती लांबीचा मासा मिळाला, आणि काहीच मिळाले नाही तर तेही, असे सर्व त्यात लिहावे. परतल्यावर त्याची प्रत मत्स्यव्यवसाय विभागाला किंवा स्थानिक अभ्यासकांना द्यावी. कावेरीतील मूळ महाशीर संपत चालल्याचे जगाला कळले ते अशाच वह्यांमधून. नोंदी तपासल्या गेल्या तोवर उशीर झाला होता. पुढच्या नदीच्या बाबतीत तो होऊ नये, एवढे तरी सहलीला जाणाऱ्याच्या हाती आहे.